बोटाला सोसेल तेवढी आच

दाजी,

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर कावळा लगेच शिवला. भात ठेवून आम्ही चार पावलं मागं सरकतोय तोवर एक आला, शितं उचलली आणि गेला. लोकांना बरं वाटलं. "सुटला माणूस, मनात काही ऱ्हायलं न्हाई," असं कुणीतरी म्हणालं. मला मात्र अपमान झाल्यासारखं वाटलं. नऊ वर्षं तुमच्याशी भांडलो, त्यातलं एक भांडण मिटलेलं नाही, आणि तुमच्या मनात काही राहिलं नाही? मी घरून तासाभराच्या तयारीनं आलो होतो. कावळा शिवणार नाही, सगळे ताटकळतील, मग मी पुढं होऊन हात जोडीन आणि मोठ्यांदा कबूल करीन, असं ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवली होती. त्या कावळ्यानं माझं भाषण बुडवलं.

तेराव्याला तर कहर. जो तो तुमचं चांगलंच सांगतोय. शांत स्वभावाचे होते म्हणे. कधी कुणाला दुखावलं नाही म्हणे. मी बुंदी वाढत होतो, हात तसाच राहिला. आवं दाजी, तुम्ही आणि शांत? माझ्या लग्नात, अक्षता पडायच्या आधी, तुम्ही माझ्या सासऱ्यांना बाजूला घेऊन म्हणाला होतात, "पोरगं बरं हाय, पर त्याच्या हातात काचंचं काय देऊ नगा." माझी बायको अजून मला काचेच्या बरणीपासून लांब ठेवते. तुम्ही खाष्ट होता. सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे बुंदी खात खोटं बोलत होते. मीही, पण माझं खोटं निराळं होतं. ते शेवटी सांगतो.

फौजेतून पेन्शनीत आलात तेव्हा गावाला वाटलं, हे पिठाची गिरणी टाकतील, नाहीतर जीप घेऊन इस्लामपूर-सांगली वडाप करतील. तुम्ही गोठ्यामागं पत्र्याचं शेड घातलंत आणि गळाच्या काठ्या करायला लागलात. आपल्याकडं मासा धरायचा तर जाळं, नाहीतर बांबूच्या टोकाला दोरी आणि गळ. इकडं तुम्ही मिरजेच्या डॉक्टरांना, रिटायर साहेबांना, कोयनेच्या पाण्यावर जाणाऱ्या पुण्याच्या हौशी लोकांना, माणसाची उंची आणि हाताची लांबी मोजून काठ्या करून देत होता, शिंप्यानं सदरा बेतावा तसं. पूर्वेकडं पोस्टिंगला असताना एका साहेबानं शिकवलं होतं, एवढंच तुम्ही सांगायचात. गावानं निदान केलं की डोक्याला मार लागला असणार.

मी त्यात कसा आलो ते कुणाला सांगत नाही, आज सांगतो. साताऱ्याच्या कचेरीतून एक फाईल गहाळ झाली आणि ज्याच्या टेबलावरून ती शेवटची गेली तो मी. निलंबित झालो. (पुढं ती साहेबांच्याच कपाटात सापडली, पण त्याला तीन महिने लागले.) त्या तीन महिन्यांत मी घरात पंख्याकडं बघत पडलेला असायचो. बायको घाबरलेली, पण विषय काढत नव्हती. कुणीच काढत नव्हतं. आक्काच्या कानावर गेलं, तिनं तुम्हाला सांगितलं, तुम्ही बोलावून घेतलंत. मी शेडमध्ये आलो तर ये नाही, बस नाही. हातात रेशमी दोऱ्याचं रीळ दिलंत आणि म्हणालात, "पंख्याकडं बघत बसतुयास म्हणं. दोर शोधत असशील तर जरा थांब. आधी एवढी काठी बांधून दे, मग तुला मोकळीक."

दाजी, मला हसू आलं. त्या तीन महिन्यांत पहिल्यांदा. त्या हसण्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही काहीतरी फेकून मारलं असतंत.

नोकरी परत मिळाली तरी मी दर शनिवारी एसटीनं येत राहिलो. फायबरची निमुळती काठी, तिच्यावर ओळीनं कड्या, ज्यांच्यातून मासेमारीची तार धावते. कडीचे पाय रेशमी दोऱ्यानं काठीला आवळायचे, वेढ्याला वेढा लागून, मध्ये केस मावता कामा नये. मग त्यावर एपॉक्सीचा थर, काचेसारखा. एपॉक्सी म्हणजे दोन बाटल्या, एक रेझिन, एक हार्डनर. त्यांना तुम्ही नवराबायको म्हणायचात. "दोघं सारखीच पायजेत. एक जरा जास्ती झालं की जलमभर चिकट ऱ्हातंय, वाळत न्हाई." आक्का चहा घेऊन दारात उभी असेल तर हे वाक्य तुम्ही जरा मोठ्यांदा म्हणायचात.

आणि आच. तुमची सगळी विद्या त्या आचेत होती. थंडीत रेझिन काकवीसारखं घट्ट होतं. माप चुकतं, ढवळताना बुडबुडे धरतात. म्हणून बाटल्या आधी कोमट पाण्यात ठेवायच्या. थर दिल्यावर काठी गोल फिरवत ठेवायची आणि स्पिरिटच्या दिव्याची ज्योत खालून नुसती ओझरती न्यायची, की बुडबुडे फुटून जातात. ज्योत रेंगाळली तर थर पातळ होऊन ओघळतो, आणखी रेंगाळली तर उकळतो, दोरा करपतो. आचेचा शेवटचा उपयोग, केलेलं मोडायचा. वाळलेल्या एपॉक्सीला भरपूर आच दिली की ती मेणासारखी मऊ पडते आणि कडी उपसून निघते. मोडणं सोडलं तर हे सगळं किती आचेवर? तर बोटाला सोसेल तेवढ्या. जिथं दोरा यायचा तिथं तुम्ही आधी स्वतःचं बोट धरायचात आणि मोजायचात. दहापर्यंत बोट टिकलं तर आच बरोबर. सातालाच ओढून घ्यावं लागलं तर दिवा खाली.

मी कारकून माणूस. मला आकडा लागतो. साताऱ्यात शाळांना प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानातून मी तुमच्यासाठी थर्मामीटर आणलं. तुम्ही ते उलटंसुलटं करून बघितलंत.

"मला ताप आलाय व्हय रं?"

"आवं दाजी, पाण्याला लावायचं. बोटाचा काय भरवसा? आज एक सांगतंय, उद्या एक."

"माजं बोट तीस वर्षं झालं एकच सांगतंय. तुजी जीभच रोज येगळं सांगती."

आणि त्या थर्मामीटरनं तुम्ही एपॉक्सी ढवळलीत. बाहेर काढायचं विसरलात. ते कपाला असं चिकटलं की आजही शेडच्या फळीवर कप आणि थर्मामीटर एकजीव होऊन उभे आहेत, काय तापमान आहे ते कायमचं सांगत. मी महिनाभर बोललो नाही. तुमच्या ते लक्षातही आलं नाही.

नऊ वर्षांत माझी एक काठी तुम्ही पास केली नाहीत. डोळे मिटून अंगठा प्रत्येक कडीवरून फिरवायचात. कुठं फोडासारखा उंचवटा, कुठं ओघळ, डोळ्याला न दिसणारं तुमच्या अंगठ्याला दिसायचं. मग शिवी. एकदा थर वाळेपर्यंत काठी फिरवत बसायचं काम माझ्याकडं होतं, भर दुपारी जेवण करून मी फिरवता फिरवता पेंगलो, आणि सगळा थर एका बाजूला लोंबून वाळला. तुम्ही ती काठी आठ दिवस आल्या-गेल्याला दाखवलीत. "आमच्या मेव्हण्यानं केलीया. शेळीची आचळं." लोक हसले. मीही हसलो. घरात गोष्टी सांगून हसवायचं काम माझं. माझ्यावर लोक हसले तर मला चालतं, असं मी मानत होतो. ते खरं नव्हतं. मला तुमच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की बरी झालीय. चव्वेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला माणूस त्या एका शब्दासाठी दर शनिवारी दोन एसट्या बदलून यायचा.

यंदाच्या थंडीत तुमची एक काठी करपली. कडीपाशी दोरा तपकिरी. तुम्ही म्हणालात, दोरा वाईट आला. दुसरीवर थर उकळून पिवळा पडला, गुळाच्या काहिलीवर येतो तसला फेस तिथंच वाळलेला. तुम्ही म्हणालात, "साताऱ्यासनं पाण्याचं स्पिरिट आणलंस." मी बघत होतो, दाजी. तुम्ही ज्योतीवर बोट धरून दहा मोजलेत, अकरा मोजलेत, चौदा मोजलेत. चेहऱ्यावर काही नाही. बोट लाल झालेलं मला दिसलं, तुम्हाला नाही.

साखर तुम्हाला पाच वर्षं होती. चारी बाजूला ऊस, वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा वास, इथं माणसाला साखर झाली तर नवल काय, असं म्हणत आक्काची पाठ वळली की तुम्ही चहात दोन चमचे घालायचात. त्या साखरेनं बोटांतला जीव खाल्ला होता. मला तेव्हा एवढं नेमकं कळलं नाही. पण काहीतरी बिघडलंय हे कळलं होतं, आणि खरं सांगू? मला आनंद झाला. नऊ वर्षांनी तुम्ही चुकत होता.

एका शनिवारी मी मुक्कामाला राहिलो आणि रविवारी सकाळी खंडाळ्याचे सुभेदार आले, तुमचे फौजेतले जोडीदार. बरोबर दोघं मित्र, जीप घेऊन, कोयनेला निघालेले. त्यांची काठी तुम्ही पुढं केलीत. त्यांनी फिरवून बघितली आणि चेहरा पडला.

"हे काळं कशानं पडलंय गड्या?"

"दोरा तसलाच आला," तुम्ही म्हणालात.

आणि मी, हातात बशी, म्हणालो, "आवं सुभेदार, ती काठी न्हाई. दाजींनी कृष्णाकाठचं वांगं भाजलंय. भाकरी काढा, भरीत करू."

एका मित्राच्या नाकातून चहा आला. सुभेदार हसू दाबत होते, त्यांनाही दाबता येईना. समोर हसणारी माणसं असली की माझी जीभ उतारावरच्या बैलगाडीसारखी सुटते. मी पुढं म्हणालो, "थर्मामीटर आणून दिलं तर ढवळाय घेतलं. आता दाजींचं बोट नाक कोरण्यापुरतं ऱ्हायलंय बघा."

तुम्ही सुभेदारांच्या हातातून काठी काढून घेतलीत. "महिन्याभरानं ये. नवी देतो," म्हणालात. दिवा पेटवलात आणि कड्या मोडायला बसलात. मऊ पडलेली कडी पकडीनं ओढायची असते. पक्कड तुमच्या समोर खिळ्याला होती. तुम्ही ती घेतली नाहीत. ज्योतीतली कडी अंगठा आणि बोट यांत धरून उपसलीत. मग दुसरी. मग तिसरी. पाच कड्या. आम्ही चौघं बघत होतो. शेडमध्ये वास आला. मी म्हणालो, दोरा जळतोय.

पाचवी कडी खाली टाकून तुम्ही उजवा हात स्वेटरच्या खिशात घातलात. "जावा आता तुमी. पोचाय उशीर हुईल."

पुढचे तीन शनिवार मी आलो नाही. शेजारच्या दुकानातून आक्काचा फोन आला. "बापू, हे डाव्या हातानं जेवाय लागलेत. उजवा खिशातनं काढंनात. तुमच्यात काय झालंय का?"

"रुसलेत गं," मी म्हणालो. "जेवू दे डाव्यानं. हिंमत असंल तर डाव्यानं शिव्याही घालू दे."

तिसऱ्या शनिवारी मी आटपाडीला होतो, चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात. पंगत उठल्यावर मंडळी मांडवात बसली, कुणीतरी म्हणालं, बापू, काहीतरी सांग. मी वांग्याची गोष्ट सांगितली. तुमचा आवाज काढला. हात खिशात घालून, मान ताठ करून मांडवातून चालून दाखवलं. लोक गडबडा लोळले. पुन्हा सांग म्हणाले. दुसऱ्यांदा सांगताना मी त्यात तो वासही घातला.

त्याच दिवशी तुम्हाला तापाचा भ्रम झाला आणि आक्कानं तुमचा हात खिशातून ओढून काढला. तिनं काय बघितलं ते मला सांगितलेलं नाही. एवढंच म्हणाली, स्वेटर जाळून टाकला. मिरजेला नेलं. आधी दोन बोटं काढली, तिसऱ्या दिवशी मनगटापासून हात.

मी दवाखान्यात यायच्या ऐवजी तुमच्या शेडमध्ये गेलो. आक्का फोनवर रडून म्हणाली, ये, आणि मी म्हणालो, सुभेदारांची काठी पुरी करून येतो. माणूस भ्याला की कामाचा आव आणतो. कचेरीत अठरा वर्षं मी तेच बघितलंय. चार दिवस शेडमध्ये बसलो. बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या, बोट बुडवून दहा मोजले. दोरा आवळला, थर दिला, ज्योत ओझरती नेली, तासन् तास काठी फिरवली आणि पेंगलो नाही. वाळल्यावर बघितलं तर कुठं ओघळ नाही, फोड नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून निर्दोष काठी झाली होती.

आणि मला धडकी भरली. दोषच नसेल तर तुम्ही बोलणार काय? शिवीशिवाय तुमच्या-माझ्यात दुसरी बोली होती कुठं? माफी मागायला तरी कुठूनतरी सुरुवात हवी. मी पुन्हा थोडी एपॉक्सी कालवली, तिसऱ्या कडीवर एक थेंब दिला आणि ज्योत नेली नाही. जोंधळ्याच्या दाण्याएवढा बुडबुडा तसाच वाळू दिला. मुद्दाम. वाटलं, अंगठा तिथं अडेल, तुम्ही आईवरून शिवी द्याल, मग मी तुमचे पाय धरीन.

दवाखान्याच्या दारात पहारेकऱ्यानं अडवलं. "काठी आत न्यायची न्हाई."

"पेशंटची हाय. आधाराला."

"एवढी लांब?"

"पेशंट उंच हाय."

तुम्ही पडून होता. उजव्या बाहीतून पंजा नाही, नुसतं बांधलेलं मनगट. पायथ्याला आक्का. माझ्याकडं बघून तुम्ही म्हणालात, "आटपाडीत लय हसवलंस म्हणं."

कुणी सांगितलं, मी विचारलं नाही.

"हात दावला असता रं तुज्या आक्काला," तुम्ही म्हणालात. आवाजात राग नव्हता. रास्त भाव सांगावा तसं सांगितलंत. "पर तिनं तुला सांगितलं असतं. आन् तू वांग्याला फुडं आनखी जोडलं असतंस."

मला काय म्हणायचं होतं ते पुढं घाटावर पाठ होतं. त्या दिवशी तोंडातून एवढंच आलं, "दाजी, काठी आणलीय."

तुम्ही डावा हात पुढं केलात. डोळे मिटलेत. अंगठा पहिल्या कडीवरून गेला, दुसरीवरून गेला. तिसरीवर आला आणि त्या दाण्यावरून तसाच पुढं गेला.

"तिसरी परत बगा की," मी म्हणालो.

तुम्ही परत बघितलीत. अंगठा त्या बुडबुड्यावर टेकलेला मला दिसत होता. तुमच्या कपाळाला एक आठी पडली नाही. डाव्या बोटांतलाही जीव गेलेला आहे, हे मला तेव्हा कळलं.

"चांगली झालीया," तुम्ही म्हणालात.

आक्काच्या तोंडावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा रंग आला. "ऐकलंस का बापू? नऊ वरसांनी म्हणाले बघ. भरलं का आता पोट?"

"भरलं," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेराव्याला पानं उठल्यावर आक्का सगळ्यांना हेच सांगत होती, की जाता जाता मेव्हण्याला शाबासकी देऊन गेले. मग मलाच म्हणाली, "बापू, तूच सांग. तुला सांगाय येतं." माणसं सरकून बसली. मी सांगितलं, दाजी. तुमचा आवाज काढला, मिटलेले डोळे दाखवले, रिकाम्या हातात काठी धरून अंगठा कसा फिरत गेला ते दाखवलं. बाया डोळे पुसत होत्या. गोष्ट कुठं थांबवायची हे मला कळतं. मी शाबासकीवर थांबवली.

सुभेदार भिंतीला टेकून बसले होते, त्यांची काठी मांडीवर. ऐकता ऐकता त्यांचा अंगठा कड्यांवरून चालला होता. तिसरीवर थांबला. मागं आला, पुन्हा थांबला. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं.

"ही त्यांनी स्वतः बघितलीया न्हवं?"

आक्का माझ्या शेजारी होती.

"बघितलीया," मी म्हणालो. "दोनदा."